महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटतात: विभागाच्या शीटमधला पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

लक्षण असं दिसतं. डिस्पॅचच्या शीटमध्ये जुना माल वर यावा म्हणून उत्पादनाच्या तारखेप्रमाणे क्रम लावलेला असतो. ५ जूनला भरलेले आंबा पल्पचे डबे त्यात ६ मेचे म्हणून वर चढतात आणि खरोखर ६ मेला भरलेले डबे ५ जूनचे म्हणून खाली जातात. १३ तारखेपासून पुढच्या बॅचेस यादीच्या पार तळाला सापडतात. गोडाऊनमधला माणूस डबा हातात घेऊन सांगतो, "शीट मे म्हणता, पण डब्यार जूनचो शिक्को आसा." कुणीतरी तेवढ्यापुरत्या तारखा हाताने सुधारतं, गाडी भरून निघते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

कुडाळ, मिरजोळे, लोटे अशा एमआयडीसींमध्ये पल्प, काजूगर किंवा फ्रोझन मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ईआरपी, म्हणजे कंपनीचा साठा, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणारी मुख्य प्रणाली, मुंबईच्या हेड ऑफिसात, आयटी विभागही तिथेच. कारखान्यात मात्र स्टोअरची एक्सेल वेगळी, डिस्पॅचची गूगल शीट वेगळी, बागायतदारांच्या खरेदीचा गूगल फॉर्म वेगळा, लॅबची ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) फाइल वेगळी. यातलं काहीच आयटीने बनवलेलं नाही. ज्याला गरज होती त्याने बनवलं आणि ते चालू राहिलं.

या व्यवस्थेकडे बघण्याची माझी दृष्टी आधीच सांगतो, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. असा घोळ झाला की हेड ऑफिसचं पहिलं उत्तर येतं, "शीट बंद करा, सगळं ईआरपीत भरा." ते मला मान्य नाही. १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कॅनिंगचा ऐन हंगाम होता. सिंधुदुर्गात झाडं आणि खांब पडले, कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. अशा दिवसांत मुंबईतल्या ईआरपीपर्यंत पोचायचं कसं? माल मात्र थांबत नाही. झाडावरून उतरलेला हापूस वीज यायची वाट बघत नाही. मोबाइलवरच्या शीटवर काम निभावण्याची सवय अशाच गरजेतून लागते. ती शीट बंद केली तर तिच्या जागी वही येईल किंवा व्हॉट्सॲपवरचे फोटो येतील, आणि त्यांत चूक शोधणं याहून कठीण. म्हणून शीट राहू द्या, बिघाड काढा.

आधी खात्री करा की हाच बिघाड आहे

तारखा चुकण्याची कारणं अनेक असतात. टायपिंगची चूक असेल तर ती कुठेही, कशीही पडते. या बिघाडाला ठरलेला आकार आहे.

उत्पादन तारखेचा कॉलम निवडा आणि मजकूर डावीकडे-उजवीकडे नेणारी अलाइनमेंटची बटणं चालू असतील तर बंद करा. खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला जाते, कारण आत ती संख्या असते. मजकूर डाव्या कडेला राहतो. १ ते १२ तारखेच्या नोंदी उजवीकडे आणि १३ ते ३१च्या डावीकडे दिसल्या, तर निदान जवळजवळ झालं.

दुसरी खूण: ४ एप्रिल, ५ मे, ६ जून या नोंदी बरोबर असतात. दिवस आणि महिना एकच असल्यामुळे अदलाबदल होऊनही काही बिघडत नाही. बाकी पहिल्या बारा दिवसांत घोळ आणि नेमकी ही एकच तारीख शाबूत, हे अपघाताने होत नाही.

तिसरी खूण सगळ्यात ठसठशीत. १२ मे २०२५ला भरलेली बॅच शीटमध्ये ५ डिसेंबर २०२५ची म्हणून दिसेल. डिसेंबरात हापूसचा पल्प कोण भरतं? मे महिन्यात बसून पाहिलं तर ती तारीख अजून उगवलेलीही नाही. उत्पादन तारखेच्या कॉलममध्ये आजच्या पुढची एकही तारीख सापडली, तरी हा बिघाड आहे असं धरून चला.

अजून शंका असेल तर सेलचं फॉरमॅट 'नंबर' करा. ५ जून २०२५ आतून ४५८१३ असते, ६ मे २०२५ आतून ४५७८३. शीट दिवस मोजून ठेवते, दिसणारी तारीख हा नुसता वरचा वेष. पडद्यावर ०५/०६ दिसतंय आणि आत ४५७८३ आहे, म्हणजे शीटच्या मते तो मे महिना.

हे होतं कसं

ईआरपीतून जी फाइल उतरवतात ती सीएसव्ही असते, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तिच्यात ०५/०६/२०२५ एवढंच लिहिलेलं असतं. यातला दिवस कुठला आणि महिना कुठला हे फाइल सांगत नाही. तिच्यावर डबल क्लिक केलं की एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगकडे बघून ठरवतं. सेटिंग इंग्लिश युनायटेड स्टेट्स असेल तर पहिला आकडा महिना. नवीन लॅपटॉप आला की बहुधा हेच सेटिंग त्यात आधीपासून असतं.

मग ०५/०६ची ६ मे होते. २५/०६ मात्र कशीच बसत नाही, कारण पंचविसावा महिना नाही. अशा वेळी एक्सेल काही विचारत नाही, लाल खूणही करत नाही. तो मजकूर जसाच्या तसा सोडून देतं. क्रम लावताना संख्या आधी आणि मजकूर नंतर, म्हणून १३ तारखेनंतरच्या बॅचेस तळाला. गूगल शीटमध्येही हाच खेळ, फरक एवढाच की तिथे सेटिंग संगणकाचं नसून त्या फाइलचं असतं.

आता जो भाग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो. बहुतेक शीट्समध्ये 'माल किती दिवसांचा' असा कॉलम असतो: आजची तारीख वजा उत्पादन तारीख. उत्पादन तारीख मजकूर असेल तर या वजाबाकीला त्रुटी यायला हवी, आणि येतेही. पण शीट नीटनेटकी दिसावी म्हणून कुणीतरी त्या सूत्राभोवती इफएरर गुंडाळलेलं असतं: त्रुटी आली तर सेल रिकामा दाखव. बघणाऱ्याला रिकामा सेल म्हणजे 'अजून भरायचं आहे' असं वाटतं. जुना माल लाल करणारं फॉरमॅटिंगही अशा रिकाम्या सेलवर भरवशाने चालत नाही. म्हणजे महिन्यातले अठरा-एकोणीस दिवस यादीतून गुपचूप गळतात, आणि उरलेल्या बारा दिवसांच्या तारखा खोट्या असतात. डोळ्यांना खुपतात त्या बारा दिवसांच्या खोट्या तारखा, म्हणून सगळे त्यांच्यामागे लागतात. गळलेल्या नोंदींकडे कुणाचं लक्ष जात नाही. शीट उघडल्यावर मी आधी इफएरर शोधतो, आणि तुम्हीही तेच करा. त्याच्या जागी रिकाम्याऐवजी 'तारीख तपासा' असे शब्द येऊ द्या.

दुरुस्त केलं तरी परत का येतं

कारण दरवेळी सुधारला जातो तो डेटा. सेटिंग आहे तिथेच राहतं.

त्यात एक्सेलचं सेटिंग संगणकात असल्यामुळे बिघाड माणसामागे फिरतो. स्टोअरच्या ताई रजेवर गेल्या, त्या दिवशी फाइल दुसऱ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर उघडली गेली आणि तारखा उलटल्या. ताई परत आल्या आणि सगळं सुरळीत. मग "शीट अधूनमधून वेड लागल्यासारखी करते" अशी समजूत पसरते. गूगल शीटचं उलट: सेटिंग फाइलसोबत असतं आणि प्रत काढली की प्रतीतही जातं. १ एप्रिलला नवीन आर्थिक वर्षाची शीट काढताना सगळेच मागच्या वर्षाच्या शीटची प्रत काढतात. बिघाडही त्यासोबत नव्या वर्षात येतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी जबाबदारीचा प्रश्न आहे. आयटी म्हणते शीट आमची नाही. विभाग म्हणतो लॅपटॉप आमचा नाही, तो हेड ऑफिसने सेट करून पाठवलाय. दोघांचंही म्हणणं खरं आहे. रीजनचं सेटिंग या दोघांच्या मधल्या सांध्यात पडलेलं आहे आणि त्याला मालक नाही. विभागाने चालवलेल्या यंत्रणांमध्ये वारंवार उगवणारे जे बिघाड मी पाहतो, ते बहुतेक अशाच सांध्यांवर असतात. शीटच्या आतली सूत्रं सहसा बरी असतात, कारण ती बनवणाऱ्याला आपलं काम चांगलं माहीत असतं.

दुरुस्ती, याच क्रमाने

सर्वात आधी शीटची प्रत काढून तिच्या नावात आजची तारीख घाला आणि ती बाजूला ठेवा. पुढे काही चुकलं तर परतायला जागा हवी.

मग सेटिंग. विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, आणि रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया. मराठी इंडिया ठेवलं तरी दिवस आधीच येतो. ज्या ज्या संगणकावर ही फाइल उघडली जाते त्या प्रत्येकावर हे करा, गेटवरच्या संगणकावरसुद्धा. गूगल शीटमध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते) इंडिया करा. तिथेच खाली टाइम झोन असतो, तोही पाहून घ्या, तो कोलकाता हवा. न्यूयॉर्क असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजेपर्यंत शीटची 'आजची तारीख' कालचीच असते. सकाळी आठच्या पाळीला मालाचं वय एक दिवसाने कमी दिसतं आणि दहाला बरोबर दिसतं, अशी तक्रार असेल तर कारण हे.

इथे एक इशारा. सेटिंग बदलल्याबरोबर जुन्या नोंदी आणखीच चुकीच्या वाटू लागतात. आत ४५७८३ असलेला सेल अमेरिकी सेटिंगमध्ये ५/६/२०२५ दिसत होता, म्हणजे आपल्या डोळ्यांना ५ जून, बरोबर. आता तोच सेल ०६-०५-२०२५ दिसतो. विभागातल्या माणसांचा समज होतो की सेटिंगमुळे तारखा बिघडल्या, आणि ते सेटिंग मागे फिरवतात. बिघडलेलं आधीच होतं, आता ते दिसतंय इतकंच. सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा, शक्य असेल तर एका सेलवर करून दाखवा.

तिसरी पायरी जुन्या नोंदींची. शेजारी नवा कॉलम घ्या. ज्या सेलमध्ये संख्या आहे तिथे डेट फंक्शनला वर्ष तेच द्या, पण महिन्याच्या जागी त्या तारखेचा दिवस आणि दिवसाच्या जागी महिना द्या; अदलाबदल उलटी होते. जिथे मजकूर आहे तिथे डावीकडचे दोन अंक दिवस, मधले दोन महिना आणि उजवीकडचे चार वर्ष असे तोडून डेट फंक्शनला द्या. कुठल्या सेलमध्ये संख्या आहे आणि कुठल्यात मजकूर हे इझनंबर (ISNUMBER) फंक्शन सांगतं, त्यामुळे दोन्ही एका इफमध्ये बसतात.

पण हे सूत्र आंधळेपणाने संपूर्ण कॉलमवर ओढू नका. सगळ्या नोंदी सीएसव्हीतून आलेल्या नसतात. काही कुणीतरी हाताने सुधारलेल्या असतात, काही '५ जून' अशा महिन्याच्या नावाने टाइप केलेल्या असतात. त्या आधीच बरोबर आहेत आणि सूत्र त्यांना उलटं करून ठेवेल. तपासायला शीटबाहेरचा साक्षीदार लागतो. अनेक कॅनिंग कारखान्यांत डब्यावरच्या बॅच कोडमध्ये वर्षातला कितवा दिवस हे तीन अंकांत छापतात. २०२५मध्ये ५ जून म्हणजे १५६ आणि ६ मे म्हणजे १२६. कोडमध्ये १५६ आणि नव्या कॉलममध्ये ५ जून असेल तर ती नोंद पक्की. असा कोड नसेल तर पॅकिंगच्या वहीशी पडताळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे, आणि पल्पचा डबा मुदतीच्या आत निघतो की नाही हे त्यावर अवलंबून आहे.

चौथी पायरी, फाइल आत येण्याची वाट बदलणं. सीएसव्हीवर डबल क्लिक करणं सोडा. एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडून डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही' घ्या, मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'. तिथे एक्सेलने आपणहून लावलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी काढून टाका. तारखेच्या कॉलमवर उजवं क्लिक करून 'चेंज टाइप' आणि त्यातलं 'यूजिंग लोकेल' निवडा: प्रकार डेट, लोकेल इंग्लिश इंडिया. हे एकदा जपून ठेवलं की पुढे फक्त रिफ्रेश करायचं. फाइल कुठल्याही लॅपटॉपवर उघडा, निर्णय आता क्वेरीत, म्हणजे फाइल आत घेण्याच्या या जपून ठेवलेल्या पायऱ्यांत, लिहिलेला आहे.

याहून सोपा आणि टिकाऊ उपाय हेड ऑफिसच्या हातात आहे: ईआरपीच्या एक्सपोर्टमध्ये तारीख २०२५-०६-०५ अशी वर्ष-महिना-दिवस क्रमाने येऊ द्यावी. हा क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे आणि रीजन काहीही असलं तरी एक्सेल आणि गूगल शीट दोन्ही तो एकाच अर्थाने वाचतात. बहुतेक ईआरपीत हा एक्सपोर्टच्या साच्यातला लहानसा बदल असतो.

त्याच वाटेने आलेलं आणखी नुकसान

तारखा उलटलेल्या सापडल्या तर तिथेच थांबू नका. डबल क्लिक करून उघडलेल्या त्याच फाइलमध्ये आणखी दोन कॉलम बिघडलेले असण्याची दाट शक्यता आहे.

एक लॉट नंबरचा. काजू बियांच्या लॉटला ५-६ असा नंबर दिला असेल तर एक्सेल त्याची तारीख करतं. १२ई४ असा नंबर असेल तर इंग्रजी ई बघून त्याचा एक लाख वीस हजार करतं. ही खोड इतकी जुनी आहे की मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीला २०२०मध्ये काही जनुकांची नावं बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबर महिन्यांच्या तारखा समजत होतं.

दुसरा, बागायतदारांच्या खाते क्रमांकांचा, आणि इथे थेट लोकांचे पैसे अडकतात. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून वाचला गेला की शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीला शून्य असेल तर तो गळतो. फाइल त्याच अवस्थेत सेव्ह झाली की गेलेले अंक गेले. मागाहून कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट देऊन ते परत येत नाहीत. मूळ सीएसव्ही पुन्हा उतरवावी लागते. पेमेंट परत आलं तर बागायतदाराला "तुमचा नंबर चुकीचा दिलात" असं सांगण्याआधी हे तपासा. मे महिन्याच्या अखेरीस मजुरांचे पैसे द्यायचे असतात तेव्हा आठ दिवस अडकलेलं पेमेंट त्याला फार महागात पडतं.

दोन्हींवर उपाय तोच: क्वेरीत हे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. २०२३पासून एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये डेटाखाली आपोआप होणारे बदल बंद करण्याचे पर्याय आले आहेत, आणि सीएसव्ही उघडताना असा बदल होत असेल तर आधी सूचना देण्याचाही. ते चालू करून ठेवा. पण ५-६सारख्या लॉटसाठी त्यावर विसंबू नका.

कुणी म्हणेल, शीटच्या असल्या बारीक गोष्टींनी काय बिघडतं. २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारात ओतल्या जात होत्या. त्या प्रकारात ६५,५३६पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळत राहिल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणं लांबलं. तिथेही प्रयोगशाळा ठीक होत्या, मुख्य प्रणालीही ठीक होती. गळती मधल्या सांध्यावर झाली.

शीट कुणाची आहे

तारखा सुधारल्यावर याच बैठकीत हेही उरकून घ्या, नाहीतर पुढचा बिघाड इथून येतो. शीट बहुतेक वेळा कुणाच्या तरी खाजगी जीमेलवर असते. रोज सकाळी साठ्याचा मेल पाठवणारी स्क्रिप्टही त्याच खात्यातून चालते, कारण ॲप्स स्क्रिप्टचा ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) ज्याने लावला त्याच्या परवानगीने धावतो. तो माणूस नोकरी सोडून गोव्याला गेला, खातं बंद झालं की मेल थांबतो आणि का थांबला हे कारखान्यात कुणालाच सांगता येत नाही. कंपनीच्या गूगल वर्कस्पेसमधलं खातं काढून टाकलं असेल तर ॲडमिनला ते २० दिवसांच्या आत परत आणता येतं; त्यानंतर नाही. खाजगी खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.

तेव्हा कंपनीच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये प्रत काढा. प्रतीसोबत स्क्रिप्ट येते, पण ट्रिगर येत नाहीत, ते नव्याने लावावे लागतात. जुन्या फाइलच्या नावापुढे 'वापरू नये' लिहा आणि तिच्यातले संपादनाचे हक्क काढा. दोन्ही चालू राहिल्या तर महिन्याभरात दोन वेगळे साठे तयार होतील.

बॅकअपचंही तसंच. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. संगणकाशेजारच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. ॲक्सेसची फाइल असेल तर तिला दुहेरी काळजी हवी. वायफायवरून दोघे ती वापरत असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वेगळं सांगायला नको. ती तारेच्या नेटवर्कवर, यूपीएस लावलेल्या संगणकावरच ठेवा.

काही गोष्टी विभागाच्या शीटमध्ये असूच नयेत असं माझं ठाम मत आहे. बागेत राखणीला आणि तोडणीला येणाऱ्या नेपाळी कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो, स्थानिक मजुरांचे आधार क्रमांक हे लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल अशा शीटमध्ये ठेवणं त्या माणसांवर अन्याय आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३मध्ये सुरक्षेच्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हिशेबाची मूळ पुस्तकंही शीटमध्ये नकोत: १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे.

हेड ऑफिसला काय लिहायचं

"आमची शीट बिघडली" असं लिहिलं तर तिकीट (आयटीकडे नोंदवलेली तक्रार) बंद होऊन परत येतं. मागणी त्यांच्या हद्दीतली असू द्या. असं लिहून पाहा:

"नमस्कार मॅडम. ईआरपीच्या साठा एक्सपोर्टमध्ये तारीख दिवस/महिना/वर्ष अशी येते. कारखान्यातल्या काही लॅपटॉपवर रीजनल फॉरमॅट युनायटेड स्टेट्स असल्याने १ ते १२ तारखेच्या नोंदींत दिवस आणि महिना उलटतात आणि १३पासूनच्या नोंदी मजकूर होतात. दोन बॅचेसचं उदाहरण जोडलं आहे, डब्यावरच्या कोडच्या फोटोसह. दोन विनंत्या आहेत. एक्सपोर्टमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, आणि नवीन लॅपटॉप पाठवताना रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया करून पाठवावा. डिस्पॅचची शीट आमच्या विभागाच्या जबाबदारीवर आहे. तिचा सांभाळ करणाऱ्याचं आणि त्याच्या बदली माणसाचं नाव खाली देत आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. शीट लपवून ठेवली की आयटीला ती धोका वाटते. कुणाची आहे, ईआरपीतून काय घेते आणि तिच्यावर कुठला निर्णय होतो हे त्यांच्याकडे लिखित गेलं की पुढच्या वेळी एक्सपोर्टमध्ये बदल करण्याआधी ते तुम्हाला विचारतील.

बिघाड परतला तर लगेच कळावं म्हणून

शीटच्या पहिल्या ओळीत, सगळ्यांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी दोन सेल ठेवा. एकात उत्पादन तारखेच्या कॉलममधले असे किती भरलेले सेल आहेत ज्यांत संख्या नाही, ती मोजणी. दुसऱ्यात आजच्या पुढच्या किती तारखा आहेत, ती मोजणी. दोन्ही शून्य असतील तर हिरवं, नाहीतर लाल. मुदत संपण्याच्या कॉलमला ही दुसरी मोजणी लावू नका, तिथल्या तारखा पुढच्याच असणार. रोज सकाळी गाडी भरण्याआधी हे दोन सेल पाहायचे, आणि लाल असेल तर त्या दिवशी यादीवरून माल काढायचा नाही, डब्यावरच्या शिक्क्यावरून काढायचा. त्या दिवशी फाइल कुठल्या लॅपटॉपवर उघडली हे विचारा. रीजन तपासायची राहिलेला संगणक सहसा तोच निघतो.